चाळीस जणांचा पावसाळी ट्रेक: हरिहरला न्यावा की नाही?

पायवाट_नाशिक

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजचा ट्रेकिंग ग्रुप दर पावसाळ्यात एक मोठा ट्रेक काढतो. यंदा ती जबाबदारी माझ्यावर आणि आणखी दोघांवर आहे. नावं चाळिसाच्या घरात गेलीत आणि त्यातले निम्मे पहिल्यांदाच डोंगर चढणार आहेत. सगळ्यांचा एकच हट्ट, त्र्यंबकेश्वरजवळचा हरिहर किल्ला. कारण उघड आहे: त्या पायऱ्यांवरचा फोटो.

माझा याला विरोध आहे. हरिहरच्या पायऱ्या कातळात कोरलेल्या, जवळपास उभ्या, एकामागे एक माणूस चढेल एवढ्याच रुंदीच्या. हाताला धरायला खोबण्या आहेत, पण चढायची वाट तीच आणि उतरायचीही तीच. पावसाळी रविवारी वरचे खाली येऊ शकत नाहीत, खालचे वर जाऊ शकत नाहीत आणि मधले भिजत कातळाला चिकटून उभे, असे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. त्यात आपण आणखी चाळीस जण घालायचे?

ग्रुपमधले मित्र म्हणतात, 'आपण नाही गेलो तरी बाकीचे जाणारच आहेत. मग आपणच का माघार घ्यायची?' यावर मला नीट उत्तर देता येत नाहीये. आणि नुसतं 'नको' म्हणून भागणार नाही, दुसरं काहीतरी समोर ठेवावं लागेल.

तर प्रश्न असा: न्यावं का? न्यायचं तर कसं? आणि नाही, तर कुठे? पायथ्याच्या गावाला आपला त्रास न होता चार पैसे मिळावेत अशीही इच्छा आहे.

सह्यवारा

मंगळवारी जा. निम्मा प्रश्न तिथेच मिटतो.

कसारा_लोकल

सह्यवारा, मंगळवारी जायला मंगळवारी सुट्टी लागते हो. मी कल्याणला राहतो, आठवड्यातून एकच दिवस मोकळा मिळतो. माझ्यासारखी हजारो पोरं शनिवारी रात्री शेवटची कसारा लोकल पकडतात, स्टेशनवर पेंगतात आणि पहाटे मिळेल त्या जीपने डोंगर गाठतात. त्यांना डोंगराची ओढ नाही असं कोणी म्हणू नये. 'गर्दी वाढली, आमच्या वेळी असं नव्हतं' हे ऐकून कान किटले. पूर्वी ट्रेक करणारे मोजके होते, कारण ती चैन मोजक्यांनाच परवडायची. आता सगळ्यांना परवडते, तर सगळे येणार.

पायवाट, तुझ्या मित्रांचं मला पटतं. बंदी आणि माघार हा उपाय नव्हे. नीट वागणारे घरी बसले तर डोंगरावर फक्त धिंगाणा घालणारेच उरतील.

भटका_काका

कसारा_लोकल, तुमची तळमळ समजते, पण मुद्दा कोणी यावं हा नाहीच. त्या पायऱ्यांना एका वेळी किती माणसं झेपतात, हा आहे. कातळाला तुमची सुट्टी कळत नाही.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. पूल धोकादायक होता हे माहीत होतं, तरी रविवारची गर्दी त्यावर उभी होती. त्या माणसांत वाईट कोणी नव्हतं. पाऊस बघायला आलेली साधी कुटुंबंच होती. प्रत्येकाला वाटत असणार, एवढे उभे आहेत, आपण आणखी एकाने काय होणार? पायवाटच्या मित्रांच्या 'बाकीचे जाणारच आहेत' मागे हाच हिशोब आहे.

पायवाट, तू जे नको म्हणतोयस त्यावर ठाम राहा.

रानभाजी

+१ काका.

दोरखंड

डोंगरातल्या शोध आणि बचावाचं काम स्वयंसेवक म्हणून करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

अपघात झाला की लोकांना वाटतं, फोन केला की हेलिकॉप्टर येतं. तसं नसतं. फोन ११२ ला जातो, किंवा महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरला. तिथून जवळच्या पथकाला निरोप. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारखी पथकं ठिकठिकाणी आहेत. त्यातली माणसं नोकरी-धंदा सोडून, एक पैसा न घेता निघतात. पायथ्याशी पोचल्यावर चढाई, मग माणूस स्ट्रेचरला बांधायचा आणि उतरवायचा. स्ट्रेचर एका वेळी सहा जण धरतात आणि थोड्या थोड्या वेळाने हात बदलावे लागतात. त्यामुळे एका माणसासाठी वीस-पंचवीस जण लागतात, आणि त्यातले निम्मे त्याच गावातले असतात. चिखलाच्या वाटेवर हे काम रात्रभर चालतं. हरिहरसारख्या पायऱ्यांवर कोंडी झालेली असताना वर कोणाला काही झालं, तर स्ट्रेचर खाली आणायचा कुठून? पायवाट, तुझ्या मित्रांना एवढंच विचार.

आता पाण्याबद्दल. पावसाळ्यातले जास्तीत जास्त मृत्यू कड्यावरून पडून होत नाहीत, पाण्याने होतात, असा आमचा अनुभव. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते उभे होते तिथे आधी पाणी घोट्याएवढंच होतं. धबधब्याचं पाणी तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाचं नसतं, वरच्या पठारावर पडलेल्या पावसाचं असतं. वर ढग कोसळला की खाली ऊन असलं तरी लोंढा येतो. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की हातातलं सगळं टाकून काठावर यायचं आणि वर सरकायचं. मोबाईल, बूट, सॅक, काहीही घ्यायला परत जायचं नाही.

आणि जीन्स घालून कोणालाही वर नेऊ नका. भिजलेली जीन्स अंगातली ऊब खेचून घेते. माथ्यावर वारा असतो, पोरं थरथरायला लागतात, मग बोलताना जीभ अडखळते, पाय चुकतात. पुढचं सगळं तिथून सुरू होतं.

कसारा_लोकल

दोरखंड दादा, स्ट्रेचरचा मुद्दा डोक्यात बसला. हरिहरपुरतं मागे घेतो. पण रविवारवाल्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न माझा अजून उभाच आहे.

मुळाकाठची

मी अकोले तालुक्यातली. माहेर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातल्या एका वाडीत, आता संगमनेरला असते. इथे सगळे डोंगर चढणारे बोलतायत, म्हणून पायथ्याची बाजू सांगते.

पावसाळी ट्रेकचा हंगाम आणि आमच्या भातलावणीचा हंगाम एकच, जुलै. आवणातली, म्हणजे रोपवाटिकेतली, रोपं उपटून चिखल केलेल्या खाचरात लावायची, ते काम चार दिवस पुढे ढकलता येत नाही. नेमक्या त्याच दिवसांत शनिवारी रात्री गाड्यांची रांग लागते. घरातला कर्ता मुलगा वाटाड्या म्हणून गेला तर लावणीला एक माणूस कमी. नाही गेला तर हातात येणारे रोख पैसे बुडतात. दर आठवड्याला आमच्या घरी यावरून बोलणं व्हायचं. म्हणून 'गावाला रोजगार मिळतो' हे वाक्य कोणी झटकन टाकलं, की मला विचारावंसं वाटतं, कोणत्या महिन्यात?

दुसरं, गाड्या बांधावर लावतात. बांध फुटला की खाचरातलं पाणी निघून जातं. अरुंद रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लागल्या की सकाळची एसटी वरपर्यंत येत नाही, आणि त्याच एसटीने आमची माणसं दवाखान्यात जातात. एकदा आमच्या शेजारच्या वहिनींना बाळंतपणासाठी नेताना तीन पोरांनी पुढे पळत जाऊन एकेका गाडीवाल्याला उठवलं होतं. गाडीत झोपलेली मुलं वाईट नव्हती. त्यांनी पटापट गाड्या काढल्या, एकाने तर स्वतःच्या गाडीतून वहिनींना राजूरपर्यंत सोडलं. पण रात्री गाडी लावताना कोणाला विचारलं असतं, तर ही वेळच आली नसती.

तिसरं, गडावरच्या पाण्याच्या टाक्यांत उतरून पोहणं. ते पाणी गुराखी पितात, वर राहून जेवण करून देणारी माणसं पितात, तुम्हीही पिता.

तरी या, नक्की या. आमच्याकडच्या पोरांना त्यांच्या डोंगराची किंमत बाहेरच्या माणसांमुळे नव्याने कळली, हेही खरं आहे. फक्त दोन दिवस आधी फोन करून या.

भटका_काका

ताई, हा प्रतिसाद वेगळा काढून सगळ्या ट्रेकिंग ग्रुपवर फिरवायला हवा. परवानगी असेल तर फिरवतो.

मुळाकाठची

फिरवा की काका. फक्त वहिनींचा किस्सा तेवढा काढून टाका.

साताऱ्याचा_गडी

संख्येला मर्यादा घालणं म्हणजे बंदी नव्हे. आमच्या कासचंच बघा. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्यात कासचं पठारही आहे. त्यानंतर फुलांच्या हंगामात एवढी झुंबड उडायला लागली की लोक फुलांवर आडवे पडून फोटो काढायचे. मग दिवसाला तीन हजार माणसं ही मर्यादा आली, ऑनलाइन नोंदणी आली. शुल्क गोळा करणं, पार्किंग, वाट दाखवणं हे सगळं आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती बघते. शेकडो पोरांना हंगामभर काम मिळतं. रविवारवाला रविवारीच येतो, फक्त आधी नोंदणी करून. कसारा_लोकल, तुमच्या प्रश्नाला हे एक उत्तर आहे.

सगळं आलबेल आहे असंही नाही. फुलं वाचवायला पठाराला जाळीचं कुंपण घातलं, तेव्हा गुरं चरायची थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड सुरू झाली. गावातली जुनी माणसं पहिल्यापासून सांगत होती की गुरांचं चरणं आणि फुलं यांचा संबंध आहे. शेवटी जाळी काढली. नियम करताना आधी कोणाला विचारायचं, ते यातून कळलं.

बंगळुरी_पुणेकर

इकडे कर्नाटकात जानेवारी २०२४ च्या जोडसुट्टीत कुमारपर्वतावर अशीच अफाट गर्दी उसळली. त्यानंतर सरकारने ऑनलाइन नोंदणी नसलेल्या वाटांवरचे ट्रेक काही काळ थांबवले आणि मग रोजच्या संख्येची मर्यादा घालून एकेक वाट सुरू केली. तमिळनाडूने ऑक्टोबर २०२४ मध्ये चाळीस वाटा निवडून वनखात्यामार्फत नोंदणी सुरू केली, वाटाडे तिथलेच आदिवासी तरुण. आपल्याकडे किल्ले पुरातत्त्वकडे, जंगल वनखात्याकडे, रस्ता भलत्याच खात्याकडे, त्यामुळे कोणी पुढे होत नाही.

हिमगंध

सरसकट बंदी आली की काय होतं ते उत्तराखंडात पाहिलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कुरणांवर, रात्री मुक्काम करायला बंदी घातली. बेदनी आणि आली बुग्याळांची अवस्था बघता काहीतरी करणं भागच होतं. पण रूपकुंडची वाट त्या बुग्याळांवरूनच जाते, त्यामुळे तिथले ट्रेक बंद पडले. वाण आणि लोहाजंगमधले खेचरवाले, स्वयंपाकी, पोर्टर यांचा हंगाम बुडाला. ज्यांच्याशी ओळख होती त्यातले काही डेहराडूनला हॉटेलात लागले. कुरणाचा जीव वाचला, त्याचा आनंदच आहे. पण बंदीच्या आधी कित्येक वर्षं आयोजकांनी स्वतःहून तंबू कमी केले असते, तर न्यायालयात जायची वेळ आली नसती. सह्याद्रीत ती वेळ अजून गेलेली नाही.

रानभाजी

अवांतर, पण राहवत नाही. याच मंडळींना मे-जूनमध्ये भंडारदऱ्याला काजवे बघायला पाठवू नका. पाठवलंत तर दिवे घरी ठेवून पाठवा! काजव्याचा उजेड ही त्यांची जोडीदार शोधायची खूण आहे. गाडीचे हेडलाइट, फ्लॅश, टॉर्च यांत ती हरवते. काही जातींच्या माद्यांना उडताही येत नाही, त्या गवतात बसून असतात, आणि लोक 'जवळून' फोटो काढायला नेमके त्याच गवतात शिरतात.

सह्यवारा

रानभाजी, माझ्या भावाच्या लग्नातसुद्धा एवढ्या माळा नव्हत्या जेवढ्या तिथल्या एका तंबूवर पाहिल्या. काजव्यांनी आमच्याकडे बघून मिटून घेतलं असेल.

स्वाती_ठाणे

एक विषय कोणी काढलेला नाही, मी काढते. चाळिसात मुली किती? त्यांच्या शौचालयाची सोय काय? मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण आडोसा मिळेल की नाही याची भीती. पाणी न पिता चढल्यावर चक्कर, पोटऱ्यांत गोळे. अशा दोन मुलींना मी स्वतः अर्ध्या वाटेवरून खाली आणलं आहे.

उपाय सोपा आहे. पायथ्याच्या गावात दोन-तीन घरांशी आधी बोला, न्हाणीघर आणि संडास वापरायला द्या म्हणा, माणशी पैसे ठरवा आणि ते त्या घरातल्या बाईच्या हातात द्या. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून, झिपच्या पिशवीत घालून घरी परत न्यायचे, हे बैठकीत मुलांसमोरच सांगा, कुजबुजत नको. झाडामागे बसावंच लागलं तर टाक्यापासून, ओढ्यापासून लांब, आणि ओले वाइप्स तिथे टाकायचे नाहीत, त्यांत प्लास्टिक असतं, ते कुजत नाहीत.

मुळाकाठची

स्वातीताई, हे फार महत्त्वाचं. बाईच्या हातात द्या हे तर दोनदा लिहायला हवं होतं.

कायद्याचं_बोला

धागाकर्त्याने एक बाब तपासावी. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं आहे, त्यात पैसे घेऊन असे उपक्रम काढणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. कॉलेजचा ग्रुप नफ्यासाठी काढत नसला, तरी प्राचार्यांची लेखी परवानगी, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांचं संमतीपत्र, आजारपण आणि औषधांची माहिती आणि प्रथमोपचार शिकलेली किमान दोन माणसं, एवढं असायलाच हवं. आणि बाहेरच्या आयोजकाला काम देणार असाल, तर एका लीडरमागे किती माणसं हे आधी विचारा. हजार रुपयांच्या आत बस, नाश्ता, जेवण आणि टीशर्टसुद्धा देणाऱ्या जाहिराती फिरत असतात. त्या पैशांत काटछाट कशात होते? लीडरमध्येच.

हिमगंध

यात एक जोड. 'आमच्या लीडरने उत्तरकाशीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलाय' म्हणून कोणी सांगितलं तर आदर आहेच, मीही केलाय. पण तिथे शिकवतात बर्फ, दोर आणि तिथला खडक. शेवाळलेल्या सह्याद्रीच्या कातळावर पाय कुठे ठेवायचा, हे हरिहरच्या पायथ्याच्या निरगुडपाड्यातल्या पोराला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वाटाड्या हवाच, आणि त्याने 'आज नको' म्हटलं तर तेच शेवटचं.

भटका_काका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पायवाट, निम्मे नवखे असतील तर पहिला ट्रेक रामशेज कर. नाशिकपासून जवळ, पायथ्याला आशेवाडी, चढ छोटा आणि सोपा. संभाजी महाराजांच्या काळात वर्षानुवर्षं मुघलांना दाद न देणारा हा किल्ला. तिथे बसून पोरांना ती लढाई सांग, हरिहरच्या फोटोपेक्षा जास्त दिवस लक्षात राहील.

सह्यवारा

निरगुडपाड्याला जायचंच असेल तर समोरचा बसगड आहे ना, भास्करगड. कातळकोरीव पायऱ्या तिथेही आहेत आणि माणसं हरिहरच्या मानाने नगण्य.

दोरखंड

बसगड सुंदरच, पण भर पावसात नवख्यांना नको. वाट घसरडी आहे. पाऊस ओसरल्यावर, दहा-बाराच्या गटाने. आणि सह्यवारा, 'इथे गर्दी नाही' असं आपण सगळे जिथेतिथे लिहीत सुटलो तर पाच वर्षांनी तिथेही रांग लागेल. म्हणून जागेच्या नावापेक्षा किती जण, कधी आणि कोणाला विचारून, हे ठरवणं मोठं.

अंजनेरीकर

अंजनेरी सुचवणार होतो, पण दोरखंडचं वाचून थांबलो. तरी सांगतो. वरच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे, सेरोपेजिया अंजनेरिका, तिचं मूळ घरच हे. बोटाएवढं फूल, गवतात सहज दिसत नाही आणि बुटाखाली सहज जातं. कड्यांवर गिधाडं आहेत. न्यायचंच तर पंधरा मुलं न्या, सोबत वनस्पती ओळखणारं कोणीतरी घ्या, आणि मळलेली वाट सोडू नका. स्पीकर अजिबात नको.

कसारा_लोकल

मी अजून एका गोष्टीवर अडून आहे. हे सगळं नियोजन कॉलेजच्या ग्रुपला जमेल. पण शनिवारी रात्री स्टेशनवर भेटलेल्या चौघा अनोळखी पोरांना हे कोण सांगणार? त्यांना बैठक नसते, प्राचार्य नसतात. कासच्या धर्तीवर नोंदणी आली तर मी पहिला पाठिंबा देईन, पण तिचं शुल्क शंभराच्या आत असावं आणि पैसे पायथ्याच्या गावात राहावेत. नाहीतर डोंगर पुन्हा मोजक्यांचाच होईल.

साताऱ्याचा_गडी

शंभराच्या आत ठेवायला हरकत कोणाचीच नसावी. पैसे गावात राहायला गावाची समिती आधी उभी राहिली पाहिजे. त्यासाठी निरगुडपाडा आणि हर्षेवाडीच्या ग्रामसभेत विषय निघायला हवा. आपण इथे कितीही लिहिलं तरी ठराव तिथेच होणार.

पायवाट_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल बैठक झाली. दोरखंड दादांचा स्ट्रेचरचा प्रश्न जसाच्या तसा विचारला, दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग ठरलं ते असं:

जुलैत चाळीस जण रामशेजला, पण वीस-वीसच्या दोन गटांत, वेगवेगळ्या शनिवारी. बस गावाबाहेर थांबेल, आत चालत जायचं. आशेवाडीत एका घरी झुणका-भाकरी सांगतोय, स्वातीताईंनी सांगितल्याप्रमाणे न्हाणीघराचं त्यांच्याशीच बोलतोय. जीन्स घालून आलेल्याला पायथ्यालाच बसवायचं, हे सगळ्यांनी हात वर करून मान्य केलंय.

हरिहर दिवाळीनंतर, गुरुवारी, बारा जण, निरगुडपाड्याचा वाटाड्या घेऊन. त्याच खेपेला तिथल्या सरपंचांना भेटून नोंदणीचा विषय काढणार आहे. कसारा_लोकल, तुम्हाला गुरुवार जमणार नाही माहीत आहे. पण सरपंचांकडे जाताना रविवारवाल्यांची बाजू मांडायला तुमचा हा शेवटचा प्रतिसाद छापून नेतो, चालेल का?

दोन जणांनी नाव मागे घेतलं, त्यांना हरिहरच हवा होता. वाईट वाटलं, पण ठीक आहे.

कसारा_लोकल

छापून ने. आणि गुरुवारची तारीख आधी कळव, एक रजा शिल्लक आहे.

दोरखंड

उत्तम ठरवलंत. एकच राहिलं: दोन्ही खेपांना सगळ्यांची नावं, रक्तगट, घरचा नंबर आणि परतायची वेळ लिहिलेला एक कागद कॉलेजात आणि एक गावातल्या त्या घरी ठेवा. ठरलेल्या वेळेनंतर दोन तासांत तुमचा फोन आला नाही, तर त्यांनी कोणाला कळवायचं तेही त्यावरच लिहा.

मुळाकाठची

आणि भाकऱ्यांचा आकडा आदल्या दिवशी सकाळी सांगा, संध्याकाळी नको. पीठ दळून आणावं लागतं.